रंग न आलेला खळगा

इंदूरमध्ये उपाशी पोटाचं रक्त मिळणं अवघड आहे. आदल्या दिवशी फोन करून सांगावं, उद्या सकाळी काही न खाता या, तर पलीकडचा माणूस अगदी अदबीने "हाँ जी, बिलकुल" म्हणतो. सकाळी वेळेवर येतो, बाही वर करतो, आणि काही खाल्लं का असं विचारलं की निष्पाप चेहऱ्याने सांगतो, "कुछ नहीं जी, बस पोहे." पोहे इथे खाण्यात धरत नाहीत. दात घासणं, अंघोळ आणि पोहे ही सगळी उठण्याचीच कामं.

आमच्याकडे रक्त काढायला रफीक भिया आहेत. ते 'खाल्लं का' असं विचारतच नाहीत. "जलेबी कितनी ली?" असं विचारतात. बहुतेक जण आकडा सांगून मोकळे होतात.

हे आधी सांगते आहे, कारण माझ्या आतापर्यंतच्या कामातली सगळ्यात नवलाची गोष्ट पोह्यांमुळे हातून जाणार होती.

मी एका रुग्णालयाच्या संशोधन विभागात काम करते. इथल्या मराठी समाजाच्या स्मरणिकेसाठी आपल्या कामाबद्दल लिही असं संपादक काकूंनी सांगितलं, तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. मला फार बोलता येत नाही. खरं तर म्हणूनच मला हे काम आवडलं, नळ्या आपल्याला काही विचारत नाहीत. शिवाय माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी आम्ही मराठी बोलतो, पण त्यात अर्धी हिंदी असते, आणि कामाचे सगळे शब्द इंग्रजी. हा मजकूर आईने वाचून सुधारला आहे. तरीही काही चुकलं असेल तर ते माझं.

काम काय, ते सांगते. विषाणू शरीरातल्या एखाद्या पेशीत शिरला की ती पेशी बहुधा वाचत नाही. पण मरण्याआधी ती काही प्रथिनं बाहेर सोडते. ही प्रथिनं म्हणजे निरोप. त्यातल्या एका जातीचं नाव इंटरफेरॉन. ते शेजारच्या पेशींपर्यंत पोचलं की त्या पेशी विषाणू यायच्या आत आपापली तयारी करतात, म्हणजे विषाणू आत शिरला तरी त्याच्या नकला सहज होत नाहीत. दुसरे निरोप लढणाऱ्या पेशींना बोलावतात, आणखी काही मेंदूला सांगतात की अंग तापव. विषाणूच्या तापातली अंगदुखी, कणकण, अन्नावरची वासना जाणं, हे बरंचसं या निरोपांचं काम आहे. विषाणू फक्त निमित्त. कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते. लहानपणापासून ज्याला आपण आजार म्हणतो, ती आपलीच मेहनत होती.

ही मेहनत नेमक्या मापात लागते. निरोप उशिरा गेले किंवा कमी पडले तर विषाणू पसरतो. निरोप थांबलेच नाहीत तर शरीर स्वतःचंच नुकसान करत सुटतं. आमचा अभ्यास या मापाचाच होता. एकाच घरात एकच विषाणू येतो, एक माणूस दोन दिवस खिचडी खाऊन उठतो आणि दुसरा अतिदक्षता विभागात जातो, तो का? म्हणून आम्ही पूर्ण घराचं रक्त घ्यायचो. जो खूप आजारी झाला त्याचंही, आणि ज्याला नुसती सर्दी झाली त्याचंही.

घरं बोलावली की घरातली भांडणंही येतात. परदेशीपुऱ्यातून गिरणीतले एक निवृत्त आजोबा आले होते. रक्त देऊन झाल्यावर ते उठेचनात. त्यांना एकच हवं होतं, ताप आधी कोणाला आला, त्यांना की आजींना, याचा लेखी निकाल. "फैसला करवा दो, बेटा, घर में शांति हो जाएगी," म्हणाले. असा निकाल आमच्याकडे मिळत नाही हे ऐकून ते खरंच नाराज झाले. तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर दिनकररावांचं घर आलं, आणि हसू जरा कमी झालं.

दिनकरराव शाळेत खेळाचे शिक्षक. साठीजवळ आलेले, पण पाठ अशी ताठ की खुर्चीला टेकायची नाही. अजूनही संध्याकाळी मुलांना मल्लखांब शिकवत. या माणसाला साथीच्या वर्षी श्वास लागून महिनाभर रुग्णालयात राहावं लागलं होतं, आणि मागच्या हिवाळ्यात साध्या फ्लूने पुन्हा तीच वेळ आणली होती. दोन्ही वेळी उपचार करणारे आमचे व्यास सरच. तेच या अभ्यासाचे प्रमुख, त्यामुळे त्यांनीच या घराला बोलावलं.

तिघं आली. दिनकरराव, त्यांच्या पत्नी शैलाताई, आणि दिनकररावांची मोठी बहीण, जिला सगळे अक्का म्हणत. हिवाळ्यातला फ्लू तिघांनाही झाला होता. अक्कांना आणि शैलाताईंना तो दोन-तीन दिवसांत सोडून गेला.

फ्लू घरात कसा आला, हे अक्कांनी खुर्चीवर बसता बसताच सांगितलं. शैलाताई कॉलनीतल्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये बालवर्ग चालवतात. मुलं बहुतेक हिंदी घरातली. तिथे ती मराठी गाणी शिकतात, 'पाणी द्या' म्हणायला शिकतात, आणि सगळ्या लहान मुलांसारखी सर्दी-खोकला घेऊन येतात.

"हिचा शेंबड्यांचा बाजार," अक्का मला म्हणाल्या. "त्या बाजाराने माझ्या भावाला दोनदा वरचं दार दाखवलं."

दिनकररावांनी "अक्का, जाऊ दे" म्हटलं, पण ते रोज म्हणत असावेत अशा आवाजात. नंतर शैलाताईंच्या हातावर कापूस धरून मी उभी होते, तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दसऱ्याला हॉलची किल्ली परत करणार आहे मी. यांना तिसऱ्यांदा नको."

मी कापसावर चिकटपट्टी लावली.

आता थोडं ताटलीबद्दल. आमची बरीच कामं तळहातापेक्षा थोड्या मोठ्या प्लास्टिकच्या ताटलीत होतात. तिला ओळीने छोटे छोटे खळगे असतात. प्रत्येक खळग्यात एकेकाच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, घालायचा. शोधतोय ते प्रथिन त्यात असेल तर शेवटी खळगा पिवळा होतो. जितकं जास्त, तितका गडद. नसेल तर कोरा राहतो.

आजारातून उठलेल्या माणसाच्या रक्तात इंटरफेरॉन फारसं सापडत नाही, कारण निरोप पाठवून झालेले असतात. म्हणून बहुतेक खळगे कोरे राहणार हे माहीतच असतं. पण कोरा खळगा दोन कारणांनी कोरा असू शकतो. एक, त्यात प्रथिन नाही. दोन, आपली चाचणीच त्या रक्तात चालत नाही. हे ओळखायला प्रत्येकाच्या सीरमचा आणखी एक खळगा भरतात आणि त्यात बाटलीतलं विकतचं इंटरफेरॉन मोजून घालतात. हा खळगा पिवळा झालाच पाहिजे. घातलेली गोष्ट सापडली पाहिजे, इतकी साधी अपेक्षा.

अक्कांचा तो खळगा पिवळा झाला. शैलाताईंचा झाला. त्यांच्या शेजारचा दिनकररावांचा कोरा राहिला.

व्यास सर वाईट माणूस नाहीत. ते माळव्याचे, आवाज मऊ, रागावतानाही बेटा म्हणतात. त्यांनी ताटली उजेडात धरली आणि म्हणाले, "डालना भूल गई होगी, बेटा. होता है."

मी विसरले नव्हते. माझी एक पद्धत आहे. द्रव उचलायच्या नळीला दर वेळी नवीन टोक लावायचं असतं, आणि ती टोकं एका डब्यात ताटलीसारख्याच ओळींनी उभी असतात. मी ज्या खळग्यात घालायचं, त्याच जागेचं टोक डब्यातून उचलते. त्यामुळे फोन वाजला, कोणी हाक मारली, मन भरकटलं, तरी डब्याकडे पाहिलं की कळतं आपण कुठवर आलो. डब्यातली ती जागा रिकामी होती. मी सरांना हे सांगितलं नाही. "जी सर" म्हटलं आणि दुसरी ताटली काढली. बोलण्यापेक्षा पुन्हा करणं मला सोपं जातं.

दुसऱ्या ताटलीतही तो कोरा. या वेळी मी दोनदा घातलं होतं, दोन वेगळ्या खळग्यांत. दोन्ही कोरे.

मग सरांनी दिनकररावांची नळी मागवली. सीरम फिकट पिवळं, आरपार दिसणारं असतं. हे पातळ ताकासारखं होतं. तेलकट-तुपकट खाऊन रक्त दिलं की असं होतं, आणि अशा सीरममध्ये चाचण्या भलतीकडे जातात. सरांचं समाधान झालं. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत काय काय खाऊन आले असतील, असं म्हणून ते हसले, आणि उपाशी पोटी परत बोलवा म्हणाले.

दिनकरराव परत आले. सोबत अक्का. रफीक भियांनी नेहमीचा प्रश्न विचारला. दिनकररावांनी आधी छताकडे पाहिलं.

"तीन," ते म्हणाले. "अक्काने भरवली. पोह्यांबरोबर."

"रिकाम्या पोटी रक्त द्यायचं?" अक्का माझ्यावरच उखडल्या. "चक्कर येऊन पडला तर तुम्ही उचलणार का?" मग जरा नरमल्या आणि आपणही तेवढंच खाल्लं आहे, नुसतं त्यालाच चारलं नाही, असं सांगितलं. बाही वर करून बसल्या. आलेच आहे तर माझंही घ्या. रफीक भियांनी घेतलं. मागच्या वेळेस अक्कांचं आणि शैलाताईंचं रक्त बरंच उशिरा घेतलं होतं, तोवर खाल्लेलं उतरलं होतं. या खेपेस भावंडांचं रक्त एकाच वेळी निघालं.

दोन्ही नळ्या ताकासारख्या. दिनकररावांचा खळगा परत कोरा.

सर म्हणाले, हे सॅम्पल सोडून द्या. यात काही गैर नव्हतं. एखादं रक्त चाचणीला जुमानत नसेल तर ते अभ्यासातून वगळतात, सगळीकडे तसंच करतात. मी नळ्या परत ठेवायला निघाले. फ्रीजरच्या खणात त्या शेजारी शेजारी लागल्या, दिनकररावांची आणि अक्कांची. दोन्ही सारख्याच पांढुरक्या. आणि या वेळच्या ताटलीतही अक्कांच्या खळग्याला तर रंग आला होता.

हे मला आधी दिसलं नव्हतं. एकाच कढईतले पोहे, एकाच परातीतली जलेबी. तूप जर रंग अडवत असेल तर बहिणीचाही अडवेल. मी नळ्या परत उचलल्या, सरांच्या खोलीत गेले, आणि काय म्हणायचं ते जुळवता न आल्यामुळे दोन्ही नळ्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. मधोमध ताटली ठेवली. सरांनी एका नळीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, मग ताटलीकडे. शेवटी म्हणाले की साफ सॅम्पल आणा, कसंही करून.

कसंही करून म्हणजे अक्का उठायच्या आत. मी आणि रफीक भिया दुसऱ्या दिवशी सकाळी, कचऱ्याच्या गाडीच्याही आधी, त्यांच्या घरी पोचलो. कॉलनीत कोणी उठलं नव्हतं. अक्का उठल्या होत्या. पातेल्यावर पोह्यांची चाळणी ठेवून वाफ धरलेली, बडीशेपेचा वास जिन्यापर्यंत येत होता. दिनकरराव टेबलापाशी गुन्हेगारासारखे बसले होते. समोर बशी होती, पण अजून रिकामी.

मला माझाच आवाज ऐकू आला. "अक्का, पोहे नंतर."

"का नंतर?"

"आत्ता खाल्लं तर मला परत यावं लागेल. आणि पुढच्या वेळी सर पाठवणार नाहीत."

अक्कांनी झारा खाली ठेवला नाही. त्या माझ्याशी नाही, खिडकीशी बोलल्या. "साथीच्या वर्षी ॲम्ब्युलन्स आली तेव्हा हा असाच उपाशी गेला. मी पोहे टाकले होते. ते लोक थांबले नाहीत. मग महिनाभर मला कोणी आत सोडलं नाही." त्यांनी गॅस बारीक केला. "तेव्हापासून मी याला उपाशी घराबाहेर जाऊ देत नाही."

शैलाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, हे त्याही पहिल्यांदा ऐकत होत्या.

मार्ग रफीक भियांनी काढला. "अक्का, ये तो घर में ही हैं, बाहर कहाँ जा रहे. आप प्लेट भर के यहीं खड़ी रहो. इधर मेरी सुई निकली, उधर आपके पोहे आए."

तसंच झालं. दिनकररावांचा हात टेबलावर, रफीक भियांची सुई, आणि खांद्यामागे अक्का, शेव-लिंबासकट भरलेली बशी दोन्ही हातांत धरून. सुई निघाली तशी बशी खाली आली. मग आम्हा दोघांनाही खावे लागले. अक्कांच्या हाताला चव आहे, हे मान्य केलं पाहिजे.

या वेळचं सीरम काचेसारखं साफ होतं. खळगा कोरा.

म्हणजे बाटलीतलं इंटरफेरॉन मी घालत होते आणि दिनकररावांच्या रक्तात ते दिसेनासं होत होतं. कुठे जात होतं? सरांनी ताटली उलटी करायला सांगितली. म्हणजे खरोखर उलटी नाही. या वेळी इंटरफेरॉन आधीच खळग्याच्या तळाला चिकटवून ठेवायचं, त्यावर प्रत्येकाचं सीरम घालायचं, आणि बघायचं की कोणाच्या रक्तातलं काही येऊन त्याला पकडतं का. शरीर रोगजंतूंना पकडायला ज्या अँटिबॉडी बनवतं, त्या जर एखाद्याने चुकून स्वतःच्या इंटरफेरॉनविरुद्ध बनवल्या असतील, तर या ताटलीत रंग त्यालाच येईल.

अक्कांचा खळगा कोरा राहिला. शैलाताईंचा कोरा. माझं स्वतःचं सीरमही मी एका खळग्यात घातलं होतं, तोही कोरा. आणि दिनकररावांचा इतका गडद पिवळा झाला की हळदीची आठवण आली.

सर मागे येऊन उभे होते ते मला कळलं नाही. म्हणाले, "बेटा, तूने डाला था."

मी "जी सर" म्हटलं. मला आणखी काही म्हणायचं होतं असं नाही. पण त्या दिवशी मी डबा खाताना दोनदा हसले, आणि शेजारची मुलगी काय झालं विचारत होती.

काही माणसांच्या शरीरात असं होतं, हे जगात इतरत्र दिसलेलं आहे, वयस्कर पुरुषांत जास्त. माणूस वरून धडधाकट असतो. पण विशिष्ट विषाणू आले की पहिला निरोप वाटेतच पकडला जातो, आणि शरीराला उशिरा कळतं. अर्थात आमची ताटली हा काही रिपोर्ट नव्हता. संशोधनातल्या निष्कर्षावर कोणाला काही सांगता येत नाही. त्याची खात्री जिवंत पेशींवर करावी लागते, आणि ती सोय आमच्याकडे नाही. सरांनी दिनकररावांची परवानगी घेऊन नमुना दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर येईना. गणपती आले, गेले. नवरात्र बसलं. मी रोज सरांच्या दारावरून जाताना हळू चालायचे. मला ती किल्ली आठवायची.

उत्तर दसऱ्याच्या थोडं आधी आलं. दिनकररावांचं सीरम इंटरफेरॉनचं काम थांबवत होतं.

सरांनी तिघांना बोलावलं आणि हिंदीत सगळं नीट सांगितलं. दिनकरराव मान हलवत होते, पण शैलाताईंचा चेहरा बंद होता, आणि अक्का भावाच्या चेहऱ्यावरून अर्थ लावत होत्या. सर माझ्याकडे वळले. "तुम मराठी में समझा दो."

माझ्याकडे मराठी शब्दच नव्हते. अँटिबॉडीला काय म्हणतात हे मला आजही पुस्तकात बघावं लागतं. मी खिडकीबाहेर पाहिलं. खाली रस्त्यावर कचऱ्याची गाडी उभी होती.

"सकाळी गाडीचं गाणं वाजतं ना," मी म्हटलं, "ती पलीकडच्या गल्लीत असते तेव्हाच आपण बादल्या दारात आणतो. गाडी आली म्हणून नाही. गाणं ऐकू आलं म्हणून. शरीरातही पहिल्या पेशीत विषाणू शिरला की ती असं गाणं लावते, आणि बाकीच्या तयार होतात. काकांच्या शरीरात गाणं लागतं. पण त्यांच्याच रक्तात असं काहीतरी आहे, जे त्या भोंग्यात बोळा कोंबतं. गाडी दारात येईपर्यंत कोणाला कळतच नाही."

"कोणी कोंबला बोळा?" अक्कांनी विचारलं.

"कोणी नाही. त्यांच्याच शरीराने. चुकून."

मग शैलाताई बोलल्या. त्या सरांशी नाही, माझ्याशी बोलल्या. "पण फ्लू यांना माझ्याकडूनच गेला ना? खरं सांग."

सरांना प्रश्न कळला असावा, कारण त्यांनी 'नहीं, नहीं' म्हणायला हात वर केला. अक्का सोडून सगळे शैलाताईंना तेच सांगत आले असणार, दिनकररावही. पण आमच्याकडे तारखा होत्या. आधी बालवर्गात, मग त्यांना, मग घरात. मला खोटं बोलता येत नाही. येत असतं तरी त्या क्षणी सुचलं नसतं.

"हो," मी म्हटलं. "बहुतेक तुमच्याकडूनच."

सरांचा हात खाली आला.

"तोच अक्कांनाही गेला," मी म्हटलं. "तोच. अक्का तिसऱ्या दिवशी उठल्या. तुम्ही दिला तो एवढाच होता. पुढचं जे काकांना झालं, ते तुम्ही दिलेलं नाही. ते तुमच्याकडे नव्हतंच."

शैलाताई पदर तोंडाला लावून रडल्या, फार नाही. मग त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा कोणीतरी न रागावता हो म्हणालं." मला ते तेव्हा कळलं नाही. नंतर विचार केल्यावर थोडं कळलं. ज्या गोष्टीला सगळे घाईने नाही म्हणतात, तिला माणूस मनात हजारदा हो म्हणत राहतो.

अक्का बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत होत्या, जिथून आम्ही रक्त घेतलं होतं तिथे. "मी तिसऱ्या दिवशी उठले," त्या म्हणाल्या. "लाडूही वळले." एवढंच. माफी वगैरे कोणी मागितली नाही, त्या घरात तशी रीत नसावी.

मग सरांनी कामाचं सांगितलं, आणि खरं महत्त्वाचं तेच होतं. काकांनी फ्लूची लस दर वर्षी घ्यायची. कणकण वाटली की काढा पीत दोन दिवस वाट बघायची नाही, त्याच दिवशी रुग्णालयात यायचं, म्हणजे विषाणूवरचं औषध वेळेत सुरू होईल. गाणं ऐकू येत नसेल तर गाडीची वेळ लक्षात ठेवायची, असं मी मराठीत त्याला जोडलं. दिनकरराव हसले. त्यांनी शैलाताईंकडे बघून विचारलं, "मग किल्लीचं काय?" त्या म्हणाल्या, घरी बोलू.

घरी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दसऱ्याला सोनं द्यायला मी आईबरोबर त्या कॉलनीत गेले होते. एरवी मी कोणाकडे जात नाही. हॉलच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर अक्का बसल्या होत्या. सुट्टी होती, पण पाटीपूजनासाठी मुलं आली होती, आणि अक्का एकेकाचं नाक तपासून आत सोडत होत्या. एका मुलाला त्यांनी आल्यापावली आईकडे परत दिलं. "दोन दिवसांनी आण," म्हणाल्या. ती बाई हिंदीत वाद घालू लागली, तर अक्कांनी तिला गाडीचं गाणं आणि भोंग्यातला बोळा सांगायला सुरुवात केली. बरंचसं चुकीचं सांगत होत्या. मी दुरुस्त केलं नाही.

डिसेंबरात दिनकररावांना परत ताप आला. बालवर्गातून नाही, मल्लखांबाच्या मुलांकडून. ते त्याच दुपारी स्वतःच्या पायांनी आले. मागून अक्का, डबा घेऊन. काही दिवस राहून ते घरी गेले, या वेळी श्वास न लागता. मी खूश होऊन सरांना म्हटलं की आपल्यामुळे. सर म्हणाले, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, बेटा, कदाचित विषाणूच साधा असेल. ते बरोबर आहे. माझ्या धंद्यात आनंदही असा जपून करावा लागतो.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. साथीच्या वर्षी मी कॉलेजात होते. आमच्याच ओळखीतले तीन-चार धडधाकट पुरुष गेले, आणि प्रत्येक घरात कोणीतरी एक जण अजूनही मनात धरून बसलं आहे, की मी बाजारात गेले होते, मी लग्नाला गेलो होतो, मी आणलं. त्यांच्यापैकी कोणाच्या भोंग्यात बोळा होता हे आता कळणार नाही. ते रक्त कोणी ठेवलेलं नाही. परदेशीपुऱ्याच्या आजोबांना निकाल का हवा होता, तेही मी तेव्हा नीट विचारलं नाही. नुसतं गंमत म्हणून हवा होता असं आता मला वाटत नाही.

गेल्या महिन्यात वर्षाची तपासणी होती. अँटिबॉडी अजून आहेत का, ते बघायला त्या घराला परत बोलावलं होतं. दिनकरराव खरोखर उपाशी आले. रफीक भियांनी जलेबी विचारली तर ताठ बसून "शून्य" म्हणाले. मागे अक्का झाकलेली बशी धरून उभ्या. सीरम साफ निघालं. मी ताटली भरली, बाटलीतलं इंटरफेरॉन मोजून घातलं, आणि वेळ झाल्यावर उजेडात धरली. तो खळगा कोराच होता. मी टोकांच्या डब्याकडे पाहिलं नाही.

पण ते नंतर. सकाळी मी तिसरी खुर्ची ओढून ठेवली होती आणि ती रिकामीच राहिली, म्हणून अक्कांना विचारलं, शैलाताईंचं रक्त राहिलं, त्या कधी येतील?

"तिचं शनिवारी घ्या," अक्का म्हणाल्या, आणि बशीवरचं झाकण काढलं. "आज तिची शाळा आहे."